एकशे अठरा पर्याय आणि एक जागा: अभियांत्रिकीची यादी छाटताना

बार्शीच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. मुलीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत ९४ च्या आसपास पर्सेंटाइल आहेत (म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के तिच्या मागे आहेत), प्रवर्ग इतर मागासवर्गीय आहे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी मागच्या वर्षीच्या कटऑफच्या, म्हणजे जागा मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याच्या गुणांच्या, उतरत्या क्रमाने ११८ पर्यायांची तयार यादी करून दिली आहे; पर्याय म्हणजे एका महाविद्यालयाची एक शाखा. ती तशीच भरावी की छाटावी, आणि छाटायची तर कशाच्या आधारावर? मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि गेली वीसेक वर्षे पावसाळ्याचे दिवस प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर घालवत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर जरा विस्ताराने देतो.

माझे मत आधीच सांगतो. यादी छाटावी, आणि जे उरेल त्याचा क्रम पूर्णपणे नव्याने लावावा. यादी ११८ पर्यायांची आहे ही काही चूक नव्हे. अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. खरी चूक तो क्रम कटऑफवरून लावण्यात आहे. कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी इतर हजारो कुटुंबांनी काय पसंत केले याची नोंद. तुमच्या मुलीला काय हवे आहे, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही.

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्यात, जागावाटप कसे होते हे समजले की क्रमाविषयीची निम्मी भीती जाते. संगणक गुणवत्ता यादीप्रमाणे एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याचा पसंतीक्रम वरून खाली वाचतो आणि ज्या पहिल्या पर्यायात त्याच्यासाठी जागा शिल्लक असेल ती त्याला देतो. तुम्ही एखादे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले की चाळिसाव्या, यावरून तेथे जागा मिळण्याची तुमची पात्रता वाढत नाही आणि घटतही नाही. मिळण्याची शक्यता कमी असलेला, पण मनापासून हवा असलेला पर्याय सर्वांत वर लिहिल्याने खालच्या पर्यायांचे काहीही नुकसान होत नाही. याची दुसरी बाजू मात्र पालकांच्या लक्षात येत नाही: वर लिहिलेली जागा मिळाली, तर खालच्या सर्व पर्यायांचा विचार तेथेच थांबतो.

काही वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातील एक मुलगा वडिलांबरोबर आमच्या केंद्रावर आला होता. त्याला स्थापत्य शाखा हवी होती आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय हवे होते. कोयनेच्या परिसरात वाढलेल्या मुलाला धरणे बांधण्याची ओढ लागावी यात नवल नाही. पण यादी लावणाऱ्या नातेवाइकांनी कटऑफ जास्त म्हणून पुण्यातील एका खासगी महाविद्यालयाची संगणक शाखा पहिल्या क्रमांकावर ठेवली आणि कराड स्थापत्य सातव्या क्रमांकावर. पहिल्याच फेरीत त्याला पहिला पर्याय मिळाला. पहिली पसंती मिळाल्यामुळे जागा आपोआप गोठली आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद झाले. कराडची जागा त्याच्या गुणांत बसत होती. वडील मला विचारत राहिले की आता काही करता येईल का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

२०२५-२६ च्या प्रवेशापासून हा मुद्दा आणखी महत्त्वाचा झाला आहे. त्या वर्षी तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती जागा आपोआप गोठवण्याचा नियम होता. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून ही प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. पण अशा नियमांचा अर्थ स्पष्ट आहे: वरच्या सहा ओळींत असे एकही नाव नसावे की जे मिळाल्यावर घरात शांतता पसरेल. प्रत्येक फेरीपूर्वी पर्याय नव्याने भरण्याची संधी मिळत असेल, तर दरवेळी या सहा ओळी पुन्हा तपासाव्यात.

आता छाटणीकडे वळतो. पहिली छाटणी मुलीने करायची आहे, आणि ती करताना तुम्ही खोलीत नसावे. तिला ११८ ओळींचा कागद द्या आणि प्रत्येक ओळीपुढे एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगा: ‘बाकी सगळे रद्द झाले आणि फक्त हेच मिळाले, तर मी तेथे जाऊन प्रवेश घेईन का?’ होय, नाही किंवा माहीत नाही. ‘नाही’ लिहिलेली प्रत्येक ओळ कारण न विचारता खोडावी. ‘माहीत नाही’ म्हणजे तिच्याकडे माहिती कमी आहे. त्या ओळी बाजूला ठेवून त्यांचा शोध घ्यावा. माझ्या अनुभवात शंभराच्या वर असलेली यादी या एका प्रश्नाने चाळीस-पन्नासावर येते. अनेकदा तर मुलांना त्या महाविद्यालयाचे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे हेही माहीत नसते. असे नाव यादीत ठेवून ते मिळाल्यावर प्रवेश न घेणे म्हणजे एक फेरी वाया घालवणे.

शाखा महत्त्वाची की महाविद्यालय, हा वाद प्रत्येक घरात होतो. यावर एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही, पण माझा कल सांगतो. ज्या मुलीला एखाद्या विषयाची खरी ओढ आहे, तिने शाखा आधी धरावी, कारण पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याच्या जागा फार थोड्या असतात आणि त्यावर विसंबून राहता येत नाही. जिला अशी ओढ नाही, ‘कॉम्प्युटर हवे’ हे वाक्य जिने केवळ ऐकून म्हटले आहे, तिने महाविद्यालय आधी धरावे आणि दोन-तीन शाखा खुल्या ठेवाव्यात. चांगल्या महाविद्यालयातील अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) व दूरसंचार किंवा विद्युत शाखेतून सॉफ्टवेअरमध्ये जाणारे विद्यार्थी दरवर्षी आमच्यासमोरून जातात. कमकुवत महाविद्यालयातील संगणक शाखेत मात्र शिकवायला माणसेच नसतात, हे चित्रही आम्ही पाहतो.

संगणकाच्या कुटुंबातील नावांविषयी मात्र फार काथ्याकूट करू नये. संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विदा विज्ञान (डेटा सायन्स), यंत्र अध्ययन (मशीन लर्निंग) अशी नावे लांबत चालली आहेत. एकाच महाविद्यालयातील या शाखांचे तिसऱ्या ते पाचव्या सत्राचे विषय शेजारी ठेवून वाचले, की बहुतेक विषय सारखेच असल्याचे दिसते. फरक असलाच तर शेवटच्या दीड-दोन वर्षांतील ऐच्छिक विषयांत असतो. तेव्हा नावावरून यादीत वर-खाली करण्याऐवजी ती शाखा तेथे किती वर्षे चालू आहे आणि तिची एक तरी तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली आहे का, हे पाहावे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी प्रवेशसंख्येवरची वरची मर्यादा काढून टाकली, तेव्हापासून काही ठिकाणी संगणकाच्या जागा एकदम वाढल्या आहेत. जागा वाढल्या त्या प्रमाणात शिक्षक वाढले का, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे, आणि शिक्षकांची नावे, पदे व पात्रता महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावरील अनिवार्य माहितीत द्यावी लागतात. ती यादी उघडून मोजायला दहा मिनिटे लागतात.

कटऑफचा कागद टाकून द्या असे मी म्हणत नाही. तो नीट वाचा. बार्शीच्या विद्यार्थिनीसाठी येथे एक सापळा आहे. तिने बारावी बार्शीतून केली असेल तर तिचे गृह विद्यापीठ म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातील खासगी महाविद्यालयांत ती ‘गृह विद्यापीठाबाहेरची’ ठरते, आणि तेथे गृह विद्यापीठासाठी साधारण ७० टक्के व बाहेरच्यांसाठी ३० टक्के अशी जागांची विभागणी असते. कटऑफच्या तक्त्यात हे जागेच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या सांकेतिक नावाच्या शेवटच्या अक्षराने कळते: एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. पहिले अक्षर जी असेल तर सर्वसाधारण आणि एल असेल तर महिलांसाठीची जागा. म्हणजे पुण्यातील बहुतेक खासगी महाविद्यालयांसाठी तुमच्या मुलीने ओ-शेवटाचे रकाने पाहायचे, सोलापूर आणि पंढरपूरसाठी एच-शेवटाचे, आणि अमरावतीच्या महाविद्यालयासारख्या शासकीय स्वायत्त संस्थांसाठी एस-शेवटाचे. ज्या गृहस्थांनी यादी दिली त्यांनी सगळीकडे एच पाहिले असेल, तर अर्धी यादी चुकीच्या आकड्यांवर उभी आहे. शिवाय इतर मागासवर्गीय मुलगी खुल्या, खुल्या-महिला, इतर मागासवर्गीय आणि इतर मागासवर्गीय-महिला या चारही प्रकारच्या जागांसाठी पात्र असते, म्हणून चारही रकाने पाहून त्यांतला सर्वांत कमी पर्सेंटाइलचा आकडा तिच्यासाठी धरावा. हे सर्व जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र हातात असेल तरच खरे. ते नसेल तर यादीच्या आधी तहसील कार्यालय आणि पडताळणी समिती गाठावी.

तक्त्यात दोन आकडे असतात, गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. मी पालकांना नेहमी गुणवत्ता क्रमांक पाहायला सांगतो. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढली की तेच ९४ पर्सेंटाइल असूनही तुमच्यापुढे आधीपेक्षा जास्त मुले उभी असतात. जागांची संख्या मात्र त्या हिशेबाने वाढलेली नसते. तसेच केवळ शेवटच्या फेरीचा आकडा पाहून आशा बांधू नये आणि केवळ पहिल्या फेरीचा पाहून निराश होऊ नये. गेल्या दोन वर्षांच्या सर्व फेऱ्या शेजारी ठेवा. जेथे मुलीचा क्रमांक दोन्ही वर्षी पहिल्याच फेरीत सहज बसतो त्या जागा खात्रीच्या, जेथे एखाद्याच फेरीत बसतो त्या शक्यतेतल्या, आणि जेथे थोडक्यात हुकतो त्या आशेच्या. या खुणा पेन्सिलीने करा. त्यांचा उपयोग फक्त यादीत तिन्ही प्रकारचे पुरेसे पर्याय आहेत ना हे तपासण्यापुरता आहे. क्रम त्यांवरून लावायचा नाही, हे पुन्हा सांगतो.

पैशाचा हिशेब मुलीला सोबत घेऊन करावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरते. तुमची मुलगी त्यात बसते. मात्र हा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या जागेवरच आहे; संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेवर तो मिळत नाही, हे एजंट सांगत नाहीत. विकास शुल्क व इतर किरकोळ शुल्के यात येत नाहीत. प्रत्येक खासगी महाविद्यालयाचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते, तेथूनच आकडा घ्यावा. याचा यादीवर होणारा परिणाम मोठा आहे. शिक्षण शुल्काचा भार नसल्याने ‘शासकीय स्वस्त, खासगी महाग’ ही जुनी फूटपट्टी तुमच्या घरापुरती बरीचशी गळून पडते, आणि खरा खर्च उरतो तो राहण्याजेवणाचा. पुण्यात खोली, मेस आणि रोजचा प्रवास मिळून चार वर्षांत काय लागेल आणि सोलापुरात किंवा सांगलीत काय लागेल, हे तेथे शिकणाऱ्या दोन-दोन मुलींना विचारून लिहून काढा. महाविद्यालयाच्या आवारात मुलींचे वसतिगृह आहे का, आणि पहिल्या वर्षाला त्यात जागा मिळते का, हा प्रश्न तुमच्या बाबतीत मी पहिल्या तिनांत धरीन.

अंतराविषयी एक गोष्ट. नकाशावरचे अंतर आणि घरी येण्याची सोय या वेगळ्या बाबी आहेत. बार्शीकरांना हे सांगायला नको. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग तुमच्या दारातून जातो. त्यामुळे सांगलीचे वालचंद महाविद्यालय वाटते तितके आडबाजूला नाही, आणि कुर्डुवाडीवरून पुण्याची गाडीही मिळते. याउलट जवळच्याच जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयासाठी तीन एसटी बदलाव्या लागतात. पहिल्या सत्रात घराची आठवण येणारी मुलगी असेल तर हे लक्षात घ्यावे. तिला घरापासून दूर जायचेच असेल, तर तेही तितकेच खरे कारण आहे, आणि आईवडिलांनी त्याचा राग मानू नये.

उरलेल्या चाळीस-पन्नास पर्यायांतील महाविद्यालये प्रत्यक्षात बारा-पंधराच असतात, कारण एकाच ठिकाणच्या तीन-चार शाखा यादीत असतात. त्यांपैकी ज्यांच्याविषयी घरात मतभेद आहेत अशी चार-पाच निवडून ती प्रत्यक्ष पाहून यावी. सुट्टीच्या दिवशी जाऊ नये. कामाच्या दिवशी दुपारी जावे, प्रवेश कक्षातल्या खुर्चीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी मुलीला एकटीला बोलू द्यावे. पहिल्या वर्षाची मुले अजून कौतुकात असतात आणि चौथ्या वर्षाची नोकरीच्या धावपळीत. तिसऱ्या वर्षाची खरे बोलतात. प्रयोगशाळेत यंत्रांवर धूळ आहे की वापराच्या खुणा, तास वेळेवर होतात का, संध्याकाळी सहानंतर ग्रंथालय उघडे असते का, एखादा विषय राहिला तर मदत करणारे कुणी असते का, या साध्या प्रश्नांतून त्या जागेचा स्वभाव कळतो. आमच्या एका विद्यार्थिनीने दोन महाविद्यालयांपैकी एकाची निवड केवळ यावरून केली की तेथील प्रयोगशाळा सहायकाने कुणी न सांगता तिला लेथ चालवून दाखवला. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो.

नोकऱ्यांच्या आकड्यांबाबत सावध राहावे. भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले सर्वोच्च वेतन एका विद्यार्थ्याचे असते. तुमच्या मुलीला मधल्या विद्यार्थ्याचे काय झाले हे कळायला हवे. जी महाविद्यालये एनआयआरएफ या केंद्र शासनाच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेतात त्यांनी शासनाला दिलेल्या माहितीत किती विद्यार्थी वेळेत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाला गेले आणि वेतनाचा मध्यक किती, हे आकडे असतात, आणि ती माहिती त्यांच्या संकेतस्थळावर सापडते. क्रमवारीतील स्थानापेक्षा हे चार आकडे मला अधिक उपयोगी वाटतात. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्था आहेत; नॅकची श्रेणी संपूर्ण महाविद्यालयाची असते आणि एनबीएचे मानांकन एकेका शाखेचे, म्हणून फलकावर एनबीए लिहिलेले असले तरी तुमच्या शाखेला ते आहे का, आणि त्याची मुदत चालू आहे का, हे पाहावे.

यानंतर क्रम लावायचा. या सगळ्या छाननीनंतर उरलेली पंचवीस-तीस नावे एकदम क्रमाने मांडता येत नाहीत, पण दोन नावांत निवड करता येते. प्रत्येक पर्याय एका चिठ्ठीवर लिहा. पहिली चिठ्ठी टेबलावर ठेवा, दुसरी हातात घ्या आणि मुलीला विचारा: ‘दोन्ही मिळत असतील तर कुठे जाशील?’ उत्तराप्रमाणे ती वर किंवा खाली ठेवा. तिसरी चिठ्ठी वरून एकेकीशी ताडत खाली आणा, आणि जेथे ती थांबेल तेथे ठेवा. तासाभरात पूर्ण यादी तयार होते. या वेळी कटऑफचा कागद दुसऱ्या खोलीत असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच यादी तिला पुन्हा वाचायला द्या आणि ज्या जोडीबद्दल तिचे मत रात्रीतून बदलले असेल तेवढीच बदला. शिक्षण शुल्क माफीच्या स्वतंत्र जागा, ज्यांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात, त्यांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो. तुमच्या मुलीला शुल्कात सवलत मिळतच असल्याने त्या भराव्यात की नाही हा प्रश्न तुमच्यासाठी दुय्यम आहे, परंतु एकाच शाखेची ती दुसरी वाट असल्याने हव्या असलेल्या शाखेखाली लगेचच ती लिहून ठेवण्यात तोटा नाही.

यादीच्या शेवटी तीन-चार खात्रीच्या जागा असू द्या, आणि त्या मुलीने मनापासून ‘होय’ लिहिलेल्यांपैकीच असू द्या. सोलापूरचे वालचंद तंत्रज्ञान महाविद्यालय किंवा पंढरपूरचे स्वेरी यांसारखी गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालये तिला मान्य असतील तर तळाला तीच शोभतील. मान्य नसतील तर केवळ जवळची म्हणून लिहू नयेत.

पहिल्या फेरीत मधलाच एखादा पर्याय मिळाला, तर घाबरून तो गोठवू नका. जागा स्वीकारून पुढच्या फेरीत अधिक चांगल्या पर्यायासाठी थांबता येते. मात्र वरचा पर्याय मिळाला की हातातली जागा आपोआप जाते आणि मागे परतता येत नाही, हे मुलीला स्पष्ट सांगून ठेवा. म्हणून थांबण्याआधी, मिळालेल्या जागेच्या वर असलेली प्रत्येक ओळ तिला त्या जागेपेक्षा खरोखर अधिक हवी आहे का, हे पुन्हा विचारा. नको असलेली ओळ नव्या अर्जातून काढून टाका. अर्ज निश्चित करण्याचे काम तिने स्वतःच्या लॉगिनवरून स्वतः करावे. पासवर्ड किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी सायबर कॅफेत अथवा यादी करून देणाऱ्या कुणाकडेही ठेवू नये. निश्चित केलेल्या अर्जाची छापील प्रत काढून पर्यायांचे क्रमांक चिठ्ठ्यांशी एकेक करून जुळवून पाहावेत, कारण एक अंक चुकला तर शाखा बदलते.

चिठ्ठ्यांचा क्रम लागला की मुलीला पहिल्या दहा पर्यायांपुढे एकेका वाक्यात कारण लिहायला सांगा आणि तेवढा कागद मला पाठवा. ज्या ओळीपुढे ‘कटऑफ जास्त आहे म्हणून’ असे लिहिलेले असेल, त्या ओळीवर आपण आधी बोलू.